शेक केव्हा, बर्फ केव्हा?



मागे एका युवक शिबिरात मी प्रथमोपचाराचा तास घेतला होता. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, "बाई, पाय मुरगळला तर गरम लावावं का थंड?" तास संपत आला होता, जेवणाची घंटा झाली होती. मी घाईत म्हणाले, "आजी, थंड." उत्तर अर्धे बरोबर होते. राहिलेल्या अर्ध्याबद्दल नंतर मला स्वतःलाच एक कडू धडा मिळाला, म्हणून संपादकांकडे या अंकात थोडी जास्त जागा मागून घेतली.

आमचे काम हिमायतनगर, किनवट, माहूर या पट्ट्यात. पैनगंगेच्या अलीकडे आंध, गोंड, परधान, कोलाम या समाजांच्या वाड्या-वस्त्या आहेत. मुले आश्रमशाळांत शिकतात. दिवाळी झाली की कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या स्पर्धा सुरू होतात. शाळेतून निवड झाली की मूल किनवट प्रकल्पाच्या पातळीवर खेळते, आणि त्याहून पुढेही जाते. मोठी मुले-मुली पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. यातल्या बहुतेकांकडे धड बूट नसतात. घोटा मुरगळणे, गुडघ्याला मार, मांडीची शीर ओढली जाणे, नडगी दुखणे हे रोजचेच. तुमच्या मंडळीच्या शिबिरातही दुपारी कबड्डी होतेच, तेव्हा हा विषय रविवार शाळेच्या शिक्षकांनाही उपयोगी पडेल.

विटेचा शेक

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये एका वाडीवरून निरोप आला की पोरीचा पाय दुखावलाय. मुलगी चौदा वर्षांची, शाळेच्या कबड्डी संघात चढाई करणारी. शनिवारी संध्याकाळी सरावात मध्यरेषेकडे परतताना तिचा पाय आत वळला आणि सगळे वजन घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर आले. शाळेतून तिला घरी पाठवले. घरी आजीने चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि रात्रभर शेक दिला. रविवारी सकाळी गोडेतेल लावून चांगले रगडले. त्यावर हळद-चुन्याचा जाड लेप दिला. मी सोमवारी पोचले तेव्हा घोटा ओळखू येत नव्हता. पिंडरीपासून बोटांपर्यंत पाय सरळ खांबासारखा झाला होता.

"रातभर इटंचा शेक दिला बाई, तरी बी सूज चढायलीच," आजी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती.

त्या आजीला मी अडाणी म्हणणार नाही, आणि हे वाचून तुम्हीही म्हणू नये. त्याच विटेने तिने आपल्या गुडघ्याचे दुखणे वर्षानुवर्षे हलके केले आहे, सुनेच्या बाळंतपणात कंबर शेकली आहे. तिथे शेक बरोबरच होता. ताज्या मुरगळीला मात्र तो चालत नाही. का, ते पाहू.

सांध्यात दोन हाडांना बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्या असतात, त्यांना अस्थिबंध म्हणतात. पाय वळला की त्या ताणल्या जातात, थोड्या उसवतात किंवा तुटतात. त्यांच्याबरोबर बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. आत रक्त आणि पाण्यासारखा द्रव झिरपू लागतो. हीच सूज, आणि दुसऱ्या दिवशी दिसणारा काळा-निळा डागही यातलाच. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्या जागी रक्त जास्त येते. जुन्या आखडलेल्या स्नायूला हे हवेच असते. पण जिथे आत अजून झिरपते आहे तिथे शेक देणे म्हणजे फुटलेल्या पाटाला वरून आणखी पाणी सोडणे. जोरात मालीश केल्याने उसवलेली दोरी आणखी उसवते. हळद-चुन्याच्या लेपाने कातडी झाकली जाते, त्यामुळे तपासणाऱ्याला खालचे काही दिसत नाही. शिवाय चुना तीव्र असला तर कातडी भाजते. या मुलीच्या घोट्यावर दोन फोड आले होते.

एक्स-रे काढला तर घोट्याच्या बाहेरच्या हाडाला टोकाजवळ चीर निघाली. ती चीर शेकाने पडलेली नव्हती, पडली त्याच क्षणी झालेली होती. पण सूज इतकी होती की पक्के प्लास्टर लगेच घालता आले नाही. आधी अर्ध्या पट्टीचा आधार, फोडांवर मलमपट्टी, सूज उतरेपर्यंत वाट आणि मग प्लास्टर. मुलीची स्पर्धा तर गेलीच, वर आठवडाभर जास्तीचे दुखणे तिने सोसले.

थंड कसे लावावे

पहिले दोन-तीन दिवस थंड. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात, झिरपणे थोडे कमी होते आणि मुख्य म्हणजे मज्जातंतू मंदावून दुखणे कमी होते. खेड्यात बर्फ कुठून आणायचा, असे लोक विचारतात. शीतपेयाच्या दुकानात मिळतो, मासळी विकणाऱ्याकडे मिळतो, उन्हाळ्यात रसवंतीवर लादीच असते. काहीच नसेल तर पोरे चोखतात त्या प्लास्टिकच्या नळीतल्या दोन-चार पेप्स्या फडक्यात गुंडाळल्या तरी काम होते. घोट्याभोवती त्या छान बसतात. तेही नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेले सुती फडके घोट्यावर ठेवून वारा घालायचा आणि गरम झाले की पुन्हा भिजवायचे. ओल्या फडक्यातले पाणी उडून जाताना उष्णता ओढून नेते, ज्या रीतीने माठ गार राहतो त्याच रीतीने. आपल्याकडच्या कोरड्या हवेत याचा गुण बराच येतो.

बर्फ कातडीवर थेट ठेवू नये. पातळ ओले फडके मध्ये हवेच. घरच्या फ्रीजमधून नुकताच काढलेला, पांढरी पूड धरलेला बर्फ शून्याच्याही बऱ्याच खाली असतो आणि तो कातडीला चिकटून तिला जाळतो. थोडा वेळ थांबून बर्फ ओला आणि चकचकीत होऊ द्यावा. वितळता बर्फ शून्य अंशावर असतो आणि ओल्या फडक्यातून तो पुरेसा थंड लागतो. लावायचा पंधरा ते वीस मिनिटे, सडपातळ मुलाच्या घोट्यावर दहाच. आधी गार वाटते, मग चटका बसल्यासारखे होते, मग ठणकते आणि शेवटी जागा बधिर होते. बधिर झाली की काढायचा. पुन्हा लावायचा तर निदान दोन तासांनी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, एक मोठी नस अगदी कातडीखालून जाते. तिथे बर्फ दाबून बांधून ठेवू नये. तसे केल्याने पाऊल लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

थंडाव्याबरोबर रुंद पट्टी बोटांकडून वर पिंडरीकडे गुंडाळावी. आवळू नये, नख दाबून सोडल्यावर लगेच गुलाबी झाले पाहिजे. आणि पाय उशीवर किंवा गोधडीच्या घडीवर, छातीपेक्षा उंच. माझ्या अनुभवात या पट्टीचा आणि उंचीचा फायदा बर्फाइतकाच होतो. पण लोकांना बर्फ हे औषध वाटते आणि उशी काहीच वाटत नाही.

शिकवणूक बदलली ती

मी समाजकार्याच्या प्रशिक्षणात चार शब्द पाठ केले होते: विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, उंची. हे सूत्र अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी 1978 मध्ये आपल्या पुस्तकात मांडले आणि जगभरच्या मैदानांवर ते पसरले. पुढे त्याच डॉक्टरांनी जाहीरपणे लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे जखम भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. कारण असे की सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. सुजेबरोबर ज्या पेशी येतात त्याच तुटलेले साफ करतात आणि नवे बांधू लागतात. 2019 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ब्लेझ द्युब्वा आणि झाँ-फ्रान्स्वा एस्क्युलिए या दोन फिजिओथेरपी तज्ज्ञांनी नवा क्रम सुचवला. त्यात आधार, उंची, दाबपट्टी, मग लवकर सुरू केलेली हालचाल हे सगळे आहे, बर्फ मात्र नाही.

स्वतः रूढ केलेले सूत्र चुकले असे लिहायला मोठे मन लागते. मला त्या डॉक्टरांचा आदर वाटतो.

मग बर्फ टाकूनच द्यावा का? माझे मत असे: बर्फ दुखणे कमी करतो, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत, थोड्या वेळासाठी वापरावा. त्याने दोरी लवकर जुळते असे मानू नये. दिवसभर पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून बसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, बर्फाने दुखणे थांबले म्हणून मुलाला पुन्हा मैदानात उतरवू नये. टीव्हीवर खेळाडूच्या पायावर थंड फवारा मारतात आणि तो उठून पळतो, ते पाहून आमचे क्रीडाशिक्षकही तसा फवारा मागवतात. फवाऱ्याने दुखणे झाकले जाते, इजा तशीच राहते.

मी केलेली चूक

आता ती कडू गोष्ट. पुढच्याच वर्षी थंडीत एका वस्तीशाळेच्या सरावात बारा वर्षांचा एक मुलगा पळून आल्यावर खाली बसला. दोन्ही पाय दुखतात म्हणाला. पडला नव्हता, मुरगळले नव्हते, कुठे सूज नव्हती. माझ्या डोक्यात शिबिरातले "आजी, थंड" पक्के बसलेले. मी दोन्ही नडग्यांवर बर्फ लावला. त्याला हुडहुडी भरली तरी मी म्हणाले, "पाच मिनिटं सहन कर बाळा." रात्री तो कळवळू लागला. पाय, कंबर, मग हात. पहाटे गाडी करून त्याला दवाखान्यात नेले. रक्त तपासले तेव्हा कळले की त्याला सिकलसेलचा आजार आहे.

सिकलसेलमध्ये तांबड्या रक्तपेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडांत भयंकर वेदना होतात. थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम आणि ताप यांनी अशी वेदना उमळून येते. त्या मुलाने थंडीत पाणी न पिता दीड तास पळून काढला होता, आणि वरून मी बर्फ लावला. ज्या वेळी त्याला पाणी, पांघरूण आणि कोमट शेक हवा होता त्या वेळी मी नेमके उलटे केले. तो मुलगा बरा झाला, आज औषधे घेतो, शाळेत जातो. पण "पाच मिनिटं सहन कर" हे माझे शब्द मला अजून ऐकू येतात.

सिकलसेल आईवडील दोघांकडून येतो. दोघेही वाहक असले तर मुलाला आजार होऊ शकतो. महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत, गोंड आणि परधान यांच्यातही, तो आढळतो. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. 2047 पर्यंत हा आजार संपवण्याचे त्याचे ध्येय आहे. आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी होते आणि कार्ड मिळते. तेव्हापासून मी सरावाच्या पहिल्या दिवशीच मुलांची कार्डे पाहते. ज्याला आजार आहे त्याला बर्फ नाही. त्याला खेळू द्यावे, पण डॉक्टरांना विचारून, पाणी पाजत, मध्ये मध्ये बसवत. ज्या मुलाची तपासणी झालेली नाही आणि जे पडल्याशिवाय दोन्ही पाय, कंबर किंवा छाती दुखते म्हणते, त्याला मार लागलेला नाही असे समजून थेट दवाखान्यात न्यावे. सोबत ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर एक तासही थांबू नये.

शेकाची पाळी

बाकीच्या मुलांना शेक केव्हा द्यायचा? पुस्तके दोन ते तीन दिवसांनंतर म्हणतात. मला दिवस मोजण्यापेक्षा हात लावून पाहणे बरे वाटते. तळहाताची मागची बाजू दोन्ही घोट्यांवर ठेवून पाहावी. दुखावलेला घोटा अजून जास्त गरम लागत असेल किंवा सूज वाढतच असेल तर शेकाची वेळ झालेली नाही. दोन्ही सारखे लागले, सूज थांबली आणि आता दुखण्यापेक्षा ताठरपणा जास्त आहे, की आजीची वीट खुशाल बाहेर काढावी. खरे तर वीट नकोच. चुलीतली वीट किती तापली आहे ते कळत नाही, आणि साठ अंशांची वस्तू काही सेकंदांत कातडी खोलवर भाजते. त्यापेक्षा तव्यावर मीठ किंवा वाळू तापवून केलेली पुरचुंडी, गरम पाण्यात पिळलेला पंचा किंवा रबरी पिशवी बरी. निर्गुडीचा पाला वाफवून बांधण्याची आपल्याकडची रीतही या वेळी चांगली. पाला भाजत नाही, आणि त्या निमित्ताने घरातले कोणीतरी मुलाजवळ अर्धा तास बसते. शेक देणाऱ्याने आधी तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. शेकत झोपी जाऊ नये.

शेक घेऊन ऊब आली की लगेच पाय हलवावा. मी मुलांना अंगठ्याने हवेत बाराखडी लिहायला सांगते. क, का, कि, की लिहिता लिहिता घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो आणि लहान मुले तर हसत हसत करतात. मग भिंतीला धरून एका पायावर उभे राहणे. ज्या मुलांनी हा तोल सांभाळण्याचा सराव केला नाही त्यांचा तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. मी हे इतक्यांदा पाहिले आहे की शेकापेक्षा या सरावाचाच आग्रह मी जास्त धरते.

दोन अपवाद सांगायला हवेत. पाठीत उसण भरली तर पहिल्या दिवसापासून शेक चालतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने 2017 मध्ये कंबरदुखीबद्दल सूचना काढल्या, त्यांत ताज्या कंबरदुखीलाही शेक सुचवला आहे. गावाकडे उसणीला पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात. हळूच पाय लावला तर फारसे बिघडत नाही, पण पडून पाठ दुखत असेल तर लाथही नको आणि शेकही नको, आधी तपासणी. दुसरा अपवाद पायात गोळा येण्याचा. त्याला बर्फ नको. पाय सरळ करून पाऊल आपल्याकडे ओढावे, पाणी पाजावे, ऊब द्यावी.

बाम लावून वरून गरम पिशवी ठेवण्याची सवयही मोडायला हवी. बामाने गरम किंवा गार वाटते, पण आतला सांधा त्याने तापत नाही की थंड होत नाही. वरून शेक दिला तर मात्र कातडी भाजू शकते. 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा मलमांनी भाजल्याच्या तक्रारींवरून जाहीर सावधगिरीची सूचना काढली होती.

आणि ज्या पायाला कळतच नाही त्याला शेकही देऊ नये, बर्फही लावू नये. मधुमेह जुना झालेल्या माणसाचा पाय बधिर असतो. कुष्ठरोगातही तसेच. आपल्या मंडळ्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव अनेकांना ठाऊक आहे. मिशनरी आईवडिलांच्या पोटी 1914 मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले हे शल्यचिकित्सक 1946 मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडून पडतात असे तेव्हा लोक समजत. ब्रँड यांनी दाखवून दिले की नस मेल्यामुळे दुखणे कळत नाही, म्हणून ही माणसे भाजतात, कापतात, जखमेवर चालत राहतात, आणि त्यातून बोटे जातात. दुखणे ही देणगी आहे असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आमच्या भागात एका काकांनी हिवाळ्यात असाच पाय शेकत ठेवला. भाजल्याचे त्यांना सकाळी कातडी निघालेली पाहून कळले. घरात कोणाला पायाचा बधिरपणा असेल, कातडीवर न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा असेल, तर शेकाआधी आरोग्य केंद्र.

केव्हा न्यायचे

मुरगळले की हाड मोडले हे ओळखण्यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये काही साधे नियम घालून दिले. ते आज जगभर वापरले जातात आणि आशाताईंनाही सहज जमतील असे आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे हाडाचे उंचवटे आहेत, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा खालच्या टोकावर बोटाने दाबून पाहावे. हाडावरच दुखले तर एक्स-रे. करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड उंच लागते, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर जे हाड लागते, त्यांवर दाबल्याने दुखले तरी एक्स-रे. आणि लंगडत का होईना चार पावले टाकता आली नाहीत, पडल्यावरही नाही आणि तपासतानाही नाही, तर एक्स-रे. कबड्डीवाल्या मुलीला यातल्या दोन खुणा पहिल्या दिवसापासून होत्या. कोणी दाबून पाहिलेच नाही. वाढत्या वयाच्या मुलांत हाडाच्या टोकाजवळची वाढीची पट्टी दोरीपेक्षा नाजूक असते, म्हणून त्यांच्या बाबतीत शंका आली तरी न्यावे.

गुडघा दुखावताना आत "कट" असा आवाज आला, तासा-दोन तासांत तो फुगला, किंवा चालताना निसटतो असे वाटले, तर तेही घरचे काम नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा आपला अविनाश साबळे तुम्हाला माहीत आहे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य मिळवले, 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. 2025 च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्याला शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. त्याच्याजवळ उत्तम डॉक्टर होते, म्हणून तुटले आहे हे लगेच कळले. आमच्या वाडीवरच्या मुलाचा असाच गुडघा सहा-सहा महिने शेकला जातो, आणि मग लोक म्हणतात, "त्याला आता पळता येत नाही."

पोलीस भरतीच्या मुलांची नडगी दुखते तेव्हा पळून आल्यावर दहा मिनिटे थंड, आणि आठवडाभर डांबर सोडून मातीवर, अंतर निम्मे करून. पण नडगीवर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा पळणे पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवावे. भरतीची तारीख जवळ आली की मुले हे लपवतात. त्यांच्या आईला विचारावे, तिला माहीत असते.

चांगल्या शोमरोनीने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली. तेवढ्यावर तो थांबला असता तर तो जखमी माणूस कदाचित रस्त्यातच राहिला असता. त्याने त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि खर्चाचे पैसे दिले. आमच्याकडे नेमके हे नेणेच अडते. वाडीतून तालुक्याला जायला दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, म्हणून लोक आधी शेकून पाहतात. तुमच्यापैकी काहींनी मागच्या वर्षी प्रवासखर्चासाठी पाठवलेली रक्कम एक्स-रेसाठी जाणाऱ्या मुलांच्या गाडीभाड्याला वापरली, हे येथे कळवते.

आमच्या खेळाच्या पिशवीत आता चार रुंद पट्ट्या, दोन सुती फडकी, रबरी पिशवी आणि एक लहान थर्मास असतो. सरावाच्या दिवशी सकाळी थर्मासात बर्फ भरून नेतो, दुपारपर्यंत टिकतो. पिशवीच्या आतल्या खिशात मुलांच्या सिकलसेल कार्डांची यादी आहे. ती यादी क्रीडाशिक्षकांकडेही असते.

कबड्डीवाली मुलगी प्लास्टर काढल्यावर दोन महिने भिंतीला धरून एका पायावर उभी राहत होती. या वर्षी ती पुन्हा संघात आहे. परवा तिच्या घरी गेले तेव्हा आजी चुलीपाशी आपले गुडघे शेकत बसली होती, विटेनेच. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "हे जुनं दुखणं हाय बाई, ह्याला चालतंय."